नर्सिंगची पदवी निवडताना
पालक व विद्यार्थी यांच्यासाठी एक अभ्यासलेख

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनींचा, आणि अलीकडे काही विद्यार्थ्यांचाही, ओढा परिचर्या शिक्षणाकडे वाढतो आहे. ही समाधानाची बाब आहे. शिक्षण संपताच मिळकतीची शक्यता, गावापासून महानगरापर्यंत कोठेही काम मिळण्याची सोय आणि माणसाच्या उपयोगी पडल्याचे समाधान हे तिन्ही लाभ या एका व्यवसायात एकत्र आढळतात. परंतु निकालानंतरच्या पंधरवड्यात पालक जेव्हा आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा एखाद्या संस्थेचे रंगीत माहितीपत्रक असते आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : "गुरुजी, कॉलेज चांगले आहे ना?"

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रक पाहून देता येत नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. इतिहासाच्या अभ्यासात पहिला धडा असतो तो साधनांच्या चिकित्सेचा. बखरीत लिहिले आहे म्हणून ते खरे, असे आम्ही मानत नाही. समकालीन कागद, शिलालेख, हिशेबाच्या नोंदी यांच्याशी बखर ताडून पाहावी लागते. संस्थेचे माहितीपत्रक ही बखर होय, आणि मान्यतेचा कागद, रुग्णालयातील खाटा व उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नोंदणी ही अस्सल साधने होत. मुलीच्या आयुष्याची चार वर्षे आणि कुटुंबाची जमापुंजी ज्या निर्णयावर लागते, तो निर्णय अस्सल साधनांवर घ्यावा, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

१. रुग्णालयात जन्मलेली शाळा

परिचर्या हे शास्त्र म्हणून शिकवता येते, ही कल्पना तशी अलीकडची. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काम केले. स्वच्छता, हवा, आहार आणि नोंदी यांवर त्यांचा भर होता. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. ही शाळा रुग्णालयाच्या आत सुरू झाली, ही गोष्ट विसरता कामा नये. रुग्णावाचून परिचर्येचे शिक्षण नाही, हे तत्त्व या विद्येच्या पायातच आहे.

आपल्याकडे या सेवेचा एक तेजस्वी अध्याय पुण्यात लिहिला गेला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने हडपसरनजीक ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या देहांना स्पर्श करण्यास समाज धजत नव्हता, त्यांना उचलून घेणारी ही शिक्षिका होती.

स्पर्शाचा हा प्रश्न भारतात परिचर्येच्या वाटेत दीर्घकाळ उभा होता. मलमूत्र, रक्त आणि परक्या देहाची शुश्रूषा ही हलकी कामे, अशी समजूत येथे रूढ होती. म्हणून या व्यवसायात उतरण्यास पुष्कळ घरे तयार नसत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्यस्थितीचा अहवाल सादर केला, तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण नोंदले गेले. त्याच १९४६ साली दिल्ली येथील, पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव लाभलेल्या महाविद्यालयात आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा त्यानंतर लगेच, १९४७ मध्ये आला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून आहे. म्हणजे ज्या पदवीचा आपण विचार करीत आहोत, तिचे देशातील वय अजून शंभर वर्षांचेही नाही.

२. नावे सारखी, वाटा निराळ्या

"नर्सिंग" या एका शब्दाखाली अनेक अभ्यासक्रम विकले जातात. त्यांतील भेद प्रथम समजून घ्यावा.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली मुलगी तो करू शकते. उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काम करणाऱ्या भगिनी प्रायः या शिक्षणाच्या असतात.

जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. यासाठीही बारावीची शाखा आडवी येत नाही, मात्र इंग्रजी विषयात उत्तीर्ण असणे आवश्यक असते. रुग्णालयातील अधिपरिचारिका, म्हणजे आपण ज्यांना स्टाफ नर्स म्हणतो, त्या पदाचा हा जुना आणि भक्कम मार्ग आहे.

बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. सुधारित अभ्यासक्रमानुसार ती आठ सत्रांत विभागलेली असून अखेरच्या सत्रात इंटर्नशिप असते. येथे मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेतच. विज्ञान विषयांत सर्वसाधारण प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुणांची अट असून अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पदवीचा निर्णय बारावीनंतरचा वाटत असला, तरी त्याचा पाया दहावीनंतर लगेच घातला जातो. अकरावीत गणित घेऊन जीवशास्त्र सोडले, अथवा कला शाखेत प्रवेश घेतला, तर पदवीचे थेट दार बंद होते. तरीही अशा विद्यार्थिनीने निराश होऊ नये. जीएनएम करून, परिषदेकडे नोंदणी करून, पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी अभ्यासक्रम करता येतो. ही वाट लांबची असली तरी पदवीपर्यंत पोहोचवणारी आहे. पदवीनंतर दोन वर्षांची एमएस्सी आणि त्यापुढे अध्यापन वा संशोधन यांचे मार्ग खुले होतात.

या तीन वाटांखेरीज एक चौथी वाट आहे. तीच सर्वांत धोक्याची. तालुक्याच्या गावी एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर "नर्सिंग कोर्स, एक वर्ष, नोकरीची हमी" अशी पाटी झळकत असते. असिस्टंट नर्स, बेडसाइड असिस्टंट, पेशंट केअर अशी नावे त्यांना दिलेली असतात. यांतील काही अभ्यासक्रम रुग्ण-साहाय्यकाचे काम प्रामाणिकपणे शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्यांतून परिचारिका घडत नाही, कारण परिषदेकडे त्यांची नोंदणी होत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने असा अभ्यासक्रम पूर्ण केला. आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज उचलले होते. जिल्हा रुग्णालयातील पदभरतीची जाहिरात आली तेव्हा अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना होता, आणि त्या रकान्यात लिहिण्याजोगे तिच्याजवळ काही नव्हते. पुढे तिने जीएनएमला पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतला आणि आज ती अतिदक्षता विभागात काम करते. तिचे गेलेले वर्ष आणि आईने फेडलेले व्याज मात्र परत आले नाही.

म्हणून पालकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंद होईल काय? या प्रश्नाला होकार सोडून दुसरे कोणतेही उत्तर मिळाले, तर पुढील चौकशी करण्याचे कारण नाही.

३. तीन कागद

बीएस्सी नर्सिंगच्या महाविद्यालयासाठी तीन ठिकाणचे कागद पाहावेत. पहिला विद्यापीठाच्या संलग्नतेचा. महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. काही महाविद्यालये अभिमत वा अन्य विद्यापीठांच्या अखत्यारीत आहेत. दुसरा कागद राज्य परिषदेच्या मान्यतेचा, आणि तिसरा इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीतील नावाचा. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला असून जुन्या परिषदेची जागा आयोगाने घ्यावी अशी त्यात तरतूद आहे. संस्थेचे नाव बदलले तरी पालकांचे काम बदलत नाही. राष्ट्रीय पातळीवरील नियामकाची यादी पाहायचीच आहे.

हे कागद पाहताना तीन बाबी ताडून घ्याव्यात. मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी आहे? किती जागांसाठी आहे? आणि ती याच पत्त्यावरील, याच नावाच्या महाविद्यालयासाठी आहे काय? एकाच संस्थेची चार महाविद्यालये असतात. एकाची मान्यता दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेली आढळू शकते. भिंतीवरील चौकटीतले प्रमाणपत्र पाहून समाधान मानू नये. नियामकांच्या संकेतस्थळावरील यादीत नाव स्वतः शोधावे, अथवा शाळेत येऊन आमच्याकडून शोधून घ्यावे.

ही काळजी अनाठायी नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नर्सिंग महाविद्यालयांची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत तपासणी झाली. अनेक महाविद्यालये अपात्र ठरली आणि २०२४ मध्ये त्यांतील कित्येक बंद करण्याचे आदेश निघाले. तपासणी करणाऱ्यांपैकीच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींची वर्षे आणि पैसा मात्र त्या भानगडीत अडकून पडला.

४. खरा वर्ग म्हणजे वॉर्ड

कागद बरोबर असले म्हणजे महाविद्यालय चांगलेच, असे होत नाही. कागद हे किमान आहे. चांगले काय, हे रुग्णालयात गेल्यावर कळते.

नियमानुसार पदवी महाविद्यालयाला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. किमान ७५ टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, अशीही अपेक्षा आहे. हे आकडे पाठ करण्यासाठी नाहीत, त्यांनी हिशेब करावयाचा आहे. समजा, महाविद्यालयाची प्रवेशक्षमता ६० आहे. चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी झाले. त्यांतील केवळ ६० जण एका वेळी वॉर्डात आहेत असे धरले, तरी १८० रुग्ण लागतात. १०० खाटांच्या रुग्णालयात ७५ खाटा भरलेल्या असतील, तर तेथे २५ विद्यार्थ्यांचीच सोय होते. उरलेले ३५ कोठे शिकतात? त्यांच्यासाठी कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, ते किती अंतरावर आहे, तेथे जाण्यासाठी बस कोणाची आणि तिचे भाडे कोण भरते? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर महाविद्यालय प्रामाणिक आहे असे समजण्यास हरकत नाही.

खाटांची संख्या जशी महत्त्वाची, तशीच आजारांची विविधता. केवळ डोळ्यांच्या किंवा केवळ हाडांच्या रुग्णालयात परिचर्येचे सर्व अंग शिकता येत नाही. वैद्यकीय व शस्त्रक्रिया वॉर्ड, बालरुग्ण विभाग, प्रसूती कक्ष, अतिदक्षता विभाग, मानसोपचार आणि गावपातळीवरील सामुदायिक आरोग्य या सर्वांचा अनुभव अभ्यासक्रमात अपेक्षित आहे. पदवीबरोबर प्रसाविका म्हणूनही नोंदणी होते. म्हणून प्रसूतिगृहात महिन्याला किती बाळंतपणे होतात, हा प्रश्न अवश्य विचारावा. ज्या विद्यार्थिनीने बाळंतपण जवळून पाहिले नाही, तिच्या नोंदवहीत कितीही सह्या असल्या तरी पहिल्या रात्रपाळीला तिची आणि त्या मातेची परीक्षा एकाच वेळी होते.

या कारणाने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या नर्सिंग महाविद्यालयांना आम्ही प्रथम पसंती देतो. मुंबईचे सर ज. जी. समूह रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी इमारती जुन्या दिसतील, वसतिगृहाच्या भिंतींचा रंग उडालेला असेल. पण तेथील वॉर्डांत रुग्णांची रीघ असते आणि शुल्कही खासगी संस्थांच्या मानाने अल्प असते. वातानुकूलित वर्ग आणि रिकाम्या खाटा यांपेक्षा पंखा कुरकुरणारा वर्ग आणि भरलेला वॉर्ड विद्यार्थिनीला अधिक शिकवतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. विद्यार्थिनींना विनावेतन मनुष्यबळ समजून वॉर्डात जुंपणारी रुग्णालयेही असतात. सोबत पाठ्यनिर्देशिका नाही, शिकवणे नाही, केवळ पाळ्या भरून घेणे चालू आहे, असे आढळले तर तेही शिक्षण नव्हे. वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर शिक्षिका उभी असते काय, हे डोळ्यांनी पाहावे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला "हजेरीची अट नाही, परीक्षेपुरते या" असे सांगणारे महाविद्यालय असते. ते सोयीचे वाटले तरी तेथे जाऊ नये. ज्याने सुई टोचण्याचा सराव केला नाही, त्याच्या हाती आपले मूल आपण देऊ काय?

५. प्रवेश, शुल्क आणि शिष्यवृत्ती

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष स्वतंत्र सीईटी घेतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल असे तिचे विषय आहेत. अर्जाच्या तारखा बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे येतात. निकालाची वाट पाहत बसणाऱ्याचे वर्ष येथेच वाया जाते. त्या वर्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी, कारण तपशील दरवर्षी बदलू शकतात.

प्रवेश शक्यतो केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच घ्यावा. संस्थास्तरावर वा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही. एजंट "सीईटीची कटकट कशाला, थेट सीट देतो" म्हणतो, तेव्हा तो ही गोष्ट सांगत नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि जाहीर करते. त्याहून अधिक रक्कम, विशेषतः पावतीविना मागितली जाणारी, देण्याचे कारण नाही. कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. मूळ गुणपत्रिका व दाखला तारण म्हणून ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगानेही मनाई केली आहे.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या समाजाच्या शिक्षणाची मोठी आधारशिला आहे. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ पासून सुरू आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावरून तिच्यासाठी अर्ज करता येतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपची तरतूद पाहावी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून भोजन, निवास व निर्वाहासाठी शहराच्या प्रकारानुसार रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत असते.

या सर्व लाभांचे कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. ते ऐनवेळी मिळत नाही. अकरावीतच जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा. त्यासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा वा वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद हे सारे त्या कामी येतात. बौद्ध कुटुंबांत एका पिढीच्या दाखल्यावर जात, दुसऱ्या पिढीच्या दाखल्यावर केवळ "बौद्ध" अशी तफावत आढळते. ती आधीच लक्षात घेऊन पिढ्यांची साखळी कागदोपत्री जुळवून ठेवावी. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० पासून लागू झाल्या आहेत. म्हणून अखिल भारतीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रही काढून ठेवावे. आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीतले जुने कागद हा केवळ इतिहास नव्हे, ते मुलीचे शुल्क आहे.

६. दोन विशेष वाटा

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिससाठी सशस्त्र दलांची सहा नर्सिंग महाविद्यालये असून त्यांपैकी दोन महाराष्ट्रात आहेत : पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईतील आयएनएचएस अश्विनी. सहा ठिकाणी मिळून २२० जागा आहेत. प्रवेशासाठी नीटचे गुण, त्यानंतर परीक्षा, मुलाखत व वैद्यकीय तपासणी असते. शिक्षणाचा खर्च शासन करते. त्या बदल्यात लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून ठरावीक काळ काम करण्याचा करार करावा लागतो.

दुसरी वाट एम्स संस्थांची. त्यांच्या बीएस्सी ऑनर्स नर्सिंगसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा होते. तेथील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत पदवीधराला थेट अर्ज करता येतो, तर जीएनएमधारकास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवी आणि पदविका यांतील अंतर येथे ठळकपणे दिसते.

गावाकडे राहू इच्छिणाऱ्यांसाठीही पदवीचे मोल आहे. आरोग्यवर्धिनी झालेल्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले असून बीएस्सी नर्सिंगचे पदवीधर त्यास पात्र ठरतात. ज्या वस्तीत डॉक्टर पोहोचत नाही, तेथे आपल्यातीलच कोणी रक्तदाब, मधुमेह आणि गरोदरपणाची तपासणी करीत बसली आहे, याहून अधिक समाधानाचे दृश्य कोणते?

७. अंगी काय हवे

महाविद्यालयाची परीक्षा घेतल्यावर उमेदवाराचीही घ्यावी. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवून त्याच्यासह त्या भिक्खूला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले आणि संघाला रुग्णसेवेची जबाबदारी समजावली. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण हवेत, हेही तेथे सांगितले आहे. औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि अपथ्य काय, हे कळावे. सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीच्या भावनेने व्हावी. मलमूत्र, ओकारी, थुंकी यांची किळस वाटू नये. रुग्णाच्या मनाला वेळोवेळी धीर देता यावा. कौशल्य, ज्ञान, हेतू, धैर्य आणि संवाद अशी ही पंचसूत्री आजच्या प्रवेश परीक्षेतील कल-चाचणीलाही लाजवील.

मुलीला किंवा मुलाला हे काम मनापासून हवे आहे काय, हे घरात बसून विचारावे. "नोकरी लवकर लागते" हे कारण पुरेसे नाही. रात्रपाळी आहे, तासन् तास उभे राहणे आहे, मृत्यू जवळून पाहणे आहे. मुलांनीही संकोच करू नये, हा व्यवसाय पुरुषांनाही खुला आहे. तसेच वेतनाविषयी भ्रम नसावा. लहान खासगी रुग्णालयांत पगार अपुरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की ५० खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे. ही शिफारस सर्वत्र पाळली जात नाही. शासकीय भरती, चांगली मोठी रुग्णालये आणि पुढील शिक्षण यांकडे जाण्याची तयारी पहिल्या वर्षापासून हवी. इंग्रजी आणि संगणक यांकडे दुर्लक्ष करू नये.

आणखी एक बाब स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. उच्च शिक्षणसंस्थांत आजही जातीवरून टोमणे, जेवणाच्या ताटावरून वेगळेपणा, "कोट्यातून आलेली" म्हणून हिणवणे घडते. आपली मुलगी वसतिगृहात एकटी पडणार नाही, याची तजवीज प्रवेशापूर्वीच करावी. रॅगिंगविरोधी समिती कोण, तक्रार कोणाकडे करायची, समान संधी कक्ष आहे काय, हे विचारून लिहून ठेवावे. आपण राखीव जागेवर आलो ती भीक नव्हे, हक्क आहे, हे मुलीला घरातूनच सांगून पाठवावे.

८. भेटीच्या दिवशी विचारावयाचे प्रश्न

महाविद्यालय पाहण्यास पालकांनी स्वतः जावे. कामाच्या दिवशी, सकाळी जावे आणि पुढील प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

– चालू वर्षाच्या मान्यतेची व संलग्नतेची पत्रे दाखवाल काय?
– स्वतःच्या रुग्णालयात खाटा किती आणि आज भरलेल्या किती?
– अन्य कोणत्या रुग्णालयांशी करार आहेत? तेथवर जाण्याची सोय काय?
– पूर्णवेळ शिक्षक किती? त्यांत एमएस्सी झालेले किती?
– गेल्या वर्षी अंतिम परीक्षेस किती बसले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांची नोंदणी झाली?
– चार वर्षांचे एकूण शुल्क किती? गणवेश, बस, परीक्षा, वसतिगृह यांचे वेगळे किती?
– विद्यार्थ्यांना हेपॅटायटिस बीची लस दिली जाते काय? सुई टोचली गेल्यास उपचाराची व्यवस्था काय?
– वसतिगृहाला अधीक्षिका निवासी आहे काय? रात्रपाळीनंतर वसतिगृहापर्यंत सोबत कोण असते?

कार्यालयातील उत्तरे ऐकून झाल्यावर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना हेच प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन्ही उत्तरे जुळली तर साधन विश्वसनीय. न जुळल्यास विद्यार्थिनींचे उत्तर खरे मानावे, कारण त्यांना काही विकायचे नसते.

आपल्या शाळेच्या कित्येक माजी विद्यार्थिनी आज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर अधिपरिचारिका, परिसेविका म्हणून कार्यरत आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. प्रत्येकीने वर्षाला एका कुटुंबाची जबाबदारी घ्यावी : सीईटीचा अर्ज भरून देणे, कागद तपासणे आणि महाविद्यालय पाहण्यास सोबत जाणे. वॉर्डात पाऊल ठेवताच पाच मिनिटांत जे तुम्हांला कळते, ते पालकांना पन्नास माहितीपत्रके वाचून कळणार नाही. आणि पालकांना सांगणे एवढेच की अर्ज भरण्यापूर्वी वही-पेन घेऊन एकदा शाळेत या. यादी आपण मिळून तपासू. शाळेचे दार त्यासाठी सदैव उघडे आहे.